तान्ह्या पोळ्याचा बैल: मेंदूच्या देठातल्या गाठीचं एक प्रकरण

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी सात वर्षांचा एक मुलगा चाकांचा लाकडी बैल ओढत मारुतीच्या पाराकडे निघाला आणि शंभर पावलांत तीनदा डावीकडच्या नालीत उतरला. आजी मागून येत होती. तिला वाटलं, बैलाचं चाक वाकडं झालं. तिनं बैल उचलला, चारही चाकं बोटानं फिरवून पाहिली. चाकं सरळ होती.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून वीसेक वर्षं काम करतो. हे प्रकरण घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. लिहायला बसलो त्याचं कारण एक प्रश्न आहे, जो आजीनं मला शेवटी विचारला. हा मुलगा वाचला नाही. पहिल्या दिवशी आणला असता तरी वाचला नसता. आणि तरीही निदानात गेलेले 23 दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

23 दिवस

पोळ्यानंतर चार-पाच दिवसांत डावा डोळा नाकाकडे वळायला लागला. "डोया नाकाकडं पयते जी," असं आजीनं नंतर मला सांगितलं. डोळा पळतो, हे तिचं वर्णन कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं होतं. एका नेत्रतपासणी शिबिरात चष्मा मिळाला. मग सकाळी उठल्याउठल्या उलटी व्हायला लागली, तिच्यावर आम्लपित्ताचं औषध मिळालं. गावात एकानं अंगारा लावला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण अंगारा लावून ते त्याच दुपारी दवाखान्यात गेले होते.

खरा वेळ गेला तो सीटी स्कॅनमध्ये. एका खाजगी ठिकाणी डोक्याचा साधा सीटी काढला, 'नॉर्मल' असा अहवाल आला आणि घर निश्चिंत झालं. त्या निश्चिंतीत 12 दिवस गेले. कवटीच्या मागच्या-खालच्या भागात जाड हाडांच्या सावल्या सीटीवर पडतात आणि मेंदूचा देठ नेमका त्याच सावलीत असतो. लहान मुलात नव्यानं तिरळेपणा आला, सोबत चाल बिघडली, तर साधा सीटी नॉर्मल आला म्हणून थांबायचं नसतं. एमआरआय करायचा असतो. हे तालुक्याच्या प्रत्येक डॉक्टरला, आणि चष्म्याच्या शिबिरात बसणाऱ्या प्रत्येकाला, पाठ असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुढे शाळेतल्या बाईंनी वही दाखवली. ऑगस्टमधलं अक्षर रेघेवर बसलेलं, सप्टेंबरातलं रेघ सोडून खाली घसरत गेलेलं. हसताना तोंड उजवीकडे ओढलं जातं, हेही त्यांनीच सांगितलं. गावची आशाताई दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्याला, आईला आणि आजीला घेऊन माझ्याकडे आली.

तपासणी आणि एमआरआय

ओपीडीच्या फरशीच्या जोडरेघेवरून त्याला टाच-बोट जुळवून चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे गेला. डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेना. डावा गाल सैल. उजव्या गुडघ्याचा ठोका जास्तच उसळणारा, आणि तळव्यावर किल्ली ओढली तर उजवा अंगठा वर. आवाज थोडा नाकातून.

मेंदूचा देठ म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा, जेमतेम अंगठ्याएवढा भाग. वर मध्यमेंदू, मध्ये फुगीर पॉन्स, खाली लंबमज्जा. डोळा बाहेर वळवणारी नस आणि चेहरा हलवणारी नस, दोन्ही पॉन्समधून निघतात. हातापायांना हुकूम नेणाऱ्या दोऱ्या तिथूनच खाली जातात, आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूच्या तारा तिथेच जोडलेल्या. म्हणून नसांचा अशक्तपणा, तोल जाणं आणि विरुद्ध बाजूच्या हातापायांत कडकपणा या तिन्ही गोष्टी एकाच मुलात, थोड्या आठवड्यांत दिसल्या तर जागा पॉन्सच असते. डोळा पाहिला तेव्हाच मला भीती वाटली होती. गुडघा उसळला तेव्हा खात्री झाली.

तरी एका गोष्टीची आशा होती. त्याच्या काकाला दोन वर्षांपूर्वी टीबी झाला होता. आपल्याकडे टीबीची गाठ मेंदूच्या देठातही होते, आणि ती औषधांनी जाते. एमआरआयच्या अहवालाची वाट पाहताना मी टीबी निघावा म्हणून देवाजवळ मागणं केलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

टीबीची गाठ बहुतेकदा कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं चित्र उजळवणारं औषध, दिल्यावर कड्यासारखी चमकते. इथे कडं नव्हतं. अख्खा पॉन्स सुजल्यासारखा फुगलेला होता, निम्म्याहून जास्त भाग गाठीनं व्यापलेला, आणि पॉन्सच्या पुढून जाणारी मोठी रक्तवाहिनी गाठीनं कवेत घेतलेली. नागपूरच्या न्यूरोसर्जनांनी आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनी चित्र पाहून एकच सांगितलं: पॉन्समधला पसरणारा ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची गाठ. जुनं नाव डीआयपीजी. 2012 मध्ये या गाठींच्या पेशींत हिस्टोन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला एक ठराविक बदल सापडला, आणि आता जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्या बदलाच्या गाठींना 'डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा' म्हणतात.

तुकडा काढून तपासावा का, यावर अर्धा तास बोलणं झालं. अनुभवी हातांत सुईनं देठातला तुकडा काढणं आज बऱ्यापैकी सुरक्षित आहे, आणि चित्रात जरा जरी शंका असती, टीबीची किंवा दुसऱ्या कशाची, तर तो काढायलाच हवा होता. इथे शंका नव्हती: लक्षणं वेगानं वाढलेली, चित्र पुस्तकात छापावं असं. वडिलांनी नको म्हटलं आणि डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

सांगणं

दुपारी चारनंतर ओपीडी रिकामी झाल्यावर तिघांना आत बसवलं. वडील तोवर एक एकर गहाण टाकायच्या बेतात होते, कारण कुणीतरी फोनवर ऑपरेशनचा आकडा सांगितला होता. मी आधी तेच थांबवलं. म्हटलं, भाऊ, ही गाठ लिंबासारखी वेगळी नाही. तिच्या पेशी चांगल्या तारांच्या मधून मधून पसरल्या आहेत. श्वास, गिळणं, जागेपण, सगळं त्याच तारांवर आहे.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे तन उपटाले गेलो तं पऱ्हाटीबी संगच उपडते."

या गाठीवर ऑपरेशन का नाही, हे यापेक्षा चांगलं मला कधी सांगता आलेलं नाही. आता मी प्रत्येक घराला हेच सांगतो.

त्यांचा दुसरा प्रश्न कडू होता. "पैशावाल्याच्या पोराले तरी वाचवते का कोनी?" मी त्यांना नील आर्मस्ट्राँगची गोष्ट सांगितली. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा माणूस. त्याची मुलगी कॅरन मेंदूच्या देठातल्या गाठीनं 1962 च्या जानेवारीत गेली, वय अवघं दोन वर्षं. तिलाही क्ष-किरणांचाच उपचार दिला होता. गरीब म्हणून आपलं पोर जातंय, हा सल तरी या बापानं जन्मभर वागवू नये एवढंच मला हवं होतं.

आकडे मी विचारल्याशिवाय सांगत नाही. त्यांनी विचारले. निम्म्याहून अधिक मुलं निदानापासून वर्षाच्या आत जातात, दोन वर्षांनी दहातलं जेमतेम एक उरतं. आई उठून बाहेर गेली. आजी तिच्या मागे गेली.

आणि मग तिसरा प्रश्न आला, ज्याची मी वाटच पाहत होतो. शेजारच्या तालुक्यात एकाला 'हीच' गाठ आहे, आणि "थो मानूस पाच वर्सापासून शेती करून राह्यला ना जी."

तो माणूस खरा होता. त्याच्या संमतीनं वडिलांनी त्याचे कागद आणले, मी वाचले. वय 38. चेहऱ्याला मुंग्या आणि दोन-दोन दिसणं, तेही दीड वर्षात हळूहळू वाढलेलं. पसरट पण मंदगतीची गाठ. रेडिएशन झालं, आणि तो खरंच कपाशीला खत देत होता. जागा तीच, नाव जवळपास तेच, रोग मात्र वेगळा. मोठ्यांमध्ये देठातल्या गाठी मुळात दुर्मीळ, मेंदूतल्या ग्लायोमांपैकी शंभरात एक-दोन. फ्रान्समध्ये 48 प्रौढांवर झालेला एक अभ्यास 2001 मध्ये छापून आला, त्यात मंदगतीच्या पसरट गाठींचे निम्मे रुग्ण सात वर्षांहून जास्त जगले होते. त्याच अभ्यासात वेगानं वाढणाऱ्या गाठींचं आयुष्य मात्र वर्षभराच्या आतबाहेरचंच होतं. म्हणजे मोठ्यांनाही वाईट गाठ होते, तोच हिस्टोनचा बदल त्यांच्यातही सापडतो.

उलट मुलांमध्येही सगळ्या गाठी या मुलासारख्या नसतात. मध्यमेंदूच्या पाठीवरची गाठ इतकी संथ असते की पुष्कळदा मेंदूतल्या पाण्याला वाट करून दिली आणि दरवर्षी एमआरआय केला की भागतं. देठातून मागे बाहेर वाढणाऱ्या, किंवा लंबमज्जा आणि मानेच्या सांध्यावरच्या काही गाठी शस्त्रक्रियेनं बऱ्याचशा काढता येतात आणि ती मुलं मोठी होतात. दुर्दैव असं की मुलांच्या देठातल्या गाठींपैकी पाचांतल्या चार पॉन्समधल्या पसरणाऱ्याच असतात. 'देठातली गाठ' एवढे दोन शब्द ऐकून ना आशा धरावी ना सोडावी. जागा कोणती, पसरलेली की वेगळी, आणि लक्षणं आठवड्यांत वाढली की वर्षांत, हे तीन प्रश्न विचारावेत.

तेरा की चौदा

रेडिएशननं रोग जात नाही. गाठ काही महिने आक्रसते, डोळा सरळ होतो, पोर चालायला लागतं. एवढं ठाऊक असूनही मी रेडिएशनच्या बाजूनं बोललो.

नेहमीची पद्धत 54 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), 30 बैठकांत, म्हणजे सहा आठवडे नागपुरात. दुसरी पद्धत 39 ग्रे, 13 बैठकांत. कैरोमध्ये या मुलांवर दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या आणि आयुष्याच्या लांबीत मोठा फरक दिसला नाही. ज्याच्याकडे एकूण आठ-दहा महिने आहेत, त्याचे सहा आठवडे लॉजवर घालवायचे की अडीच? रेडिएशनच्या डॉक्टरांनी स्वतःहून 13 बैठका सुचवल्या, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. उपचार जनआरोग्य योजनेत बसला, एसटीत सवलत मिळाली, खर्च झाला तो राहण्या-खाण्याचा.

अडलं ते आकड्यावर. आजी म्हणाली, "तेरा नोको बाप्पा. बारा द्या, नाई तं चौदा द्या." तेरावं कशाचं असतं, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आजी, पहिला दिवस मुखवट्याचा, मग तेरा दिवस मशीनचे, झाले चौदा. आजीनं बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

मुखवटा म्हणजे प्लास्टिकची जाळी. गरम पाण्यात मऊ करून ती चेहऱ्यावर बसवतात, दोन-चार मिनिटांत ती घट्ट होते, आणि प्रत्येक बैठकीला तीच घालून डोकं टेबलाला पक्कं करतात. या वयाच्या पोराला कधी कधी त्यासाठी भूल द्यावी लागते. याला लागली नाही, कारण नागपूरला जाण्याआधी आजीनं रोज दुपारी त्याला खाटेवर निजवून तोंडासमोर पिठाची चाळणी धरली होती आणि शंभर आकडे म्हणायला लावले होते. हा सराव मी सुचवला होता, चाळणी तिची कल्पना.

भूक

दिवाळीच्या आठ दिवस आधी ते घरी आले. डोळा जवळजवळ सरळ, तोंड सरळ, चाल थोडी फाकलेली पण नालीत न उतरणारी. सूज कमी ठेवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू होतं. त्यानं चेहरा चंद्रासारखा गोल झाला आणि भूक अशी की पोरगं रात्री दोनला उठून भाकर मागायचं. गाव म्हणायचं, बाळसं धरलं. आईला माहीत होतं ते बाळसं नव्हतं, तरी ती रात्री चूल पेटवायची.

इथे एक चूक माझी झाली. हे औषध एकदम थांबवता येत नाही, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर झोपी गेलेलं असतं. उतरता डोस मी चिठ्ठीवर इंग्रजीत, आमच्या डॉक्टरी खुणांत लिहून दिला. पाकीट संपलं, वडिलांनी गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी उलट्या, गळून गेलेलं पोर, रात्री अकराला दुसऱ्याच्या पिकअपमधून माझ्या दारात. त्या रात्रीनंतर मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेनानं गोळ्यांचे ठिपके काढून देतो. चार ठिपके, तीन, दोन, अर्धा ठिपका. आजीला वाचता येत नव्हतं, ठिपके तिला मोजता येत होते.

नोव्हेंबर ते जानेवारी हा त्याचा काळ होता. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही झालं, तेव्हा पूजेचं दही त्यानं स्वतः शिंपडलं. शाळेत गेला. सायकल मागितली, वडिलांनी जुनी घेऊन दिली, आणि ती चालवू द्यायची का हे विचारायला मला फोन केला. मी म्हटलं, द्या, मागून धरा.

परत

फेब्रुवारीच्या मध्यात डोळा पुन्हा पळाला. मार्चमध्ये पाणी पिताना ठसका लागायला लागला. पुन्हा कमी मात्रेचं रेडिएशन देता येतं, काही मुलांना त्यातून थोडे महिने मिळतात. वडिलांना ते सगळं सांगितलं. त्यांनी पोराला विचारलं, मशीनकडे जायचं का. तो नाही म्हणाला, आणि घर त्याच्या शब्दावर थांबलं. मी आग्रह केला नाही.

याच दिवसांत त्यांनी मोबाइलवर एका नव्या गोळीचा व्हिडिओ दाखवला. तेव्हा ती चाचणीत होती. नंतर ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत डॉर्डाव्हिप्रोन या नावानं तिला वेगवान पद्धतीनं मान्यता मिळाली, हिस्टोनचा तो बदल असलेल्या आणि उपचारानंतर पुन्हा वाढलेल्या गाठींसाठी. ज्या 50 रुग्णांच्या आधारावर ती मिळाली, त्यांतल्या 22 टक्क्यांची गाठ आक्रसली. पण त्या 50 मध्ये पॉन्समधल्या पसरणाऱ्या गाठीचे रुग्ण धरले नव्हते. गोळीला मी कमी लेखत नाही. या रोगात इतक्या वर्षांत केमोच्या कितीतरी चाचण्या फसल्या, त्यात हे पहिलं दार किलकिलं झालं आहे. पुढच्या घरानं निदानाच्या वेळीच, शक्य असेल तर, तुकड्याची जनुकीय तपासणी करून ठेवावी असं आता माझं मत झालं आहे, या मुलाच्या वेळी ते नव्हतं. मात्र व्हिडिओ पाहून कुणी शेत विकू नये.

शेवटचे दोन महिने घरी गेले. पातळ पाणी घशात जायचं, म्हणून घट्ट लापशी, मऊ भात, बसवून, हनुवटी खाली ठेवून, चमच्याच्या टोकानं. आशाताईला मी तोंडातली लाळ ओढायचं छोटं यंत्र चालवायला शिकवलं. डोकेदुखीला आणि पुढे धापेला मॉर्फिनचं तोंडानं द्यायचं औषध. मॉर्फिननं पोर लवकर मरेल अशी भीती घरात होती आणि खरं सांगायचं तर एका सहकाऱ्यालाही होती. योग्य मात्रेत तसं होत नाही. पहिल्या डोसनंतर तो सलग चार तास झोपला, आणि आईही झोपली. बोलणं गेलं तेव्हा पापण्यांवर आलं: एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. पॉन्सच्या गाठीत समज पुष्कळदा शेवटपर्यंत राहते. म्हणून त्याच्या खाटेपाशी 'आता काही उरलं नाही' असं कुणी बोलायचं नाही, एवढा एक नियम मी त्या घराला घालून दिला होता. लाकडी बैल उशाशी असायचा. कुणी तो हलवला तर दोनदा पापणी.

जूनमध्ये, पेरणीच्या आधी, पहाटे तो गेला.

आजी दीड महिन्यानं दवाखान्यात आली, उरलेलं औषध परत करायला. पिशवी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बैल नालीत गेला त्याच दिवशी आनलं असतं तं वाचला असता का जी?"

मी म्हटलं, नाही, आजी.

"मंग लवकर आनून काय भेटलं असतं?"

मी म्हटलं, टीबी असता तर तो आज शाळेत असता, आणि ते 23 दिवस आपल्याला माहीत नव्हतं की टीबी नाही. दुसरं म्हणजे ते दिवस तो उलट्या करत, पडत, सगळ्यांचं रागावणं ऐकत होता. नीट चाल, मुद्दाम करतो का, असं. गोळी आणि मशीन तीन आठवडे आधी मिळाली असती तर ते दिवसही सायकलचे झाले असते.

तिनं पदरातून घडी घातलेला कागद काढला. शाळेतल्या बाईंनी हजेरीपटावरून उतरवून दिलेला. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत त्याचे 41 दिवस भरले होते. "हे मोजून ठेवा," ती म्हणाली.